कागदाला गंगा दाखवली

मिरजेच्या आमच्या शाळेत माझी ख्याती एकाच गोष्टीसाठी होती, ती म्हणजे स्वच्छतेचे दोन गुण. प्रमेय बरोबर, आकृती बरोबर, पण कागदावर शाईचा एक ठिपका पडला असला की मी दोन गुण कापायचे. एकतीस वर्षं कापले. पोरं पाठीमागे मला ‘दोनगुणी बाई’ म्हणायची. मला ते ठाऊक होतं आणि खोटं कशाला बोलू, आवडतही होतं.

निवृत्त झाल्यावर बायका भजनी मंडळात जातात, भिशी लावतात, सुनेच्या चुका काढतात. मला सून नाही. म्हणून मी घरबसल्या करायच्या एका पदविकेला नाव घातलं. विषय होता आरंभीची इस्लामी कला, वास्तुकला आणि पुरातत्त्व. ‘हेच का?’ असं अख्ख्या गल्लीनं विचारलं. त्याचं खरं उत्तर असं की मला राग आला होता. एका पुस्तकात मी हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या एका भिंतीचं चित्र पाहिलं. एक चौरस घ्यायचा, त्यावर दुसरा तेवढाच चौरस तिरका ठेवायचा, की आठ टोकांची चांदणी होते. अशा चांदण्या टोकाला टोक लावून ओळीत मांडल्या की मधल्या रिकाम्या जागेत आपोआप क्रूसासारखी फुली उमटते. ती कोणी काढत नाही, ती येते. एकतीस वर्षं मी चौरस शिकवला आणि हे मला कोणी सांगितलं नाही!

तर मी अभ्यासाला लागले. दमास्कस, कैरवान, समारा ही नावं मला सांगली, जयसिंगपूर, कुपवाड इतकी जवळची झाली. शेवटी एक निबंध होता: कुठल्याही एका इमारतीवरची नक्षी स्वतः मोजून काढायची. बाकीचे विद्यार्थी दिल्लीला गेले, विजापूरला गेले. मला पुस्तकाच्या एका कोपऱ्यात अंगठ्याएवढा फोटो दिसला, वाराणसीतल्या एका छोट्या मकबऱ्यातल्या कोरीव दगडाचा. तीच चांदणी, तीच फुली. आमचे मार्गदर्शक सर फोनवर फार मऊ बोलतात, त्यामुळे त्यांची जास्तच भीती वाटते. ते म्हणाले, “इमारत आरंभीच्या काळाला पाच-सहाशे वर्षं उशिरा पोचली आहे बाई. पण नक्षी आरंभीचीच आहे. चालेल.”

आता माझं पाप सांगते. मी गेलेच नाही. फोटोवरून एक चांदणी मोजली आणि बाकीच्या चौतीस छापल्यासारख्या काढल्या. पाच उभ्या रांगा, सात आडव्या ओळी. डागाचं नाव नाही. सरांनी तक्ता परत पाठवला. मला वाटलं रेघ जाड झाली असेल, म्हणून नवी पेनं आणून आणखी सुबक काढला. तोही परत. वर फोन.

“बाई, तुम्ही तिथे गेला नाही आहात.”

“कशावरून?”

“जाऊन या, मग बोलू. येताना दगडाचा प्रत्यक्ष ठसा आणा, फोटो नको. आणि तिसरी वेळ शेवटची असते, नियम वाचलाच असेल.”

वाचला होता. तिसऱ्यांदा नाकारलं की नाव कमी. एकतीस वर्षं दुसऱ्यांची पोरं नापास करणारी बाई स्वतः नापास होणार, आणि ते पेढ्यांच्या दुकानात बसणाऱ्या माझ्याच विद्यार्थ्यांना कळणार! संक्रांत झाल्यावर तिसऱ्या दिवशी मी गाडीत बसले.

मंगलागौरी

वाराणसीत माझी आतेबहीण मालूताई राहते, पंचगंगा घाटाच्या वर, मंगलागौरीच्या देवळापासून चार दारं पुढे. तिच्या सासरची मंडळी पाच पिढ्यांपूर्वी कोकणातून इथे आली. भावजी सध्या मुलाकडे नागपूरला होते, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. मालूताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. लग्नानंतरचा सबंध जन्म इथे काढल्यामुळे तिची अशी ठाम समजूत आहे की महाराष्ट्रात सगळे नियम अजून जसेच्या तसे पाळले जातात आणि काशीतच काय ती ढिलाई आली आहे. मी ती समजूत कधी मोडत नाही.

“तुमच्याकडे अजून जेवायच्या आधी चित्राहुती घालतात ना गं सगळे?”

“घालतात तर,” मी म्हटलं. माझ्या घरी ताट हातात घेऊन मोबाईल बघत जेवतात, हे सांगून तिचा रक्तदाब कशाला वाढवा?

पहिल्या दिवशी तिनं मला गुळाची पोळी आणि चुडा-मटार, म्हणजे इकडचे मटार-पोहे, असं एका ताटात वाढलं. इथे संक्रांतीला खिचडी म्हणतात, त्यामुळे तिच्या घरात संक्रांत दोनदा होते, एकदा आपली आणि एकदा त्यांची. सकाळी तिनं गल्लीच्या तोंडावरून मलइयो आणवलं. हे थंडीतच मिळतं. दुधाचा पिवळा फेस, वर पिस्ते. चमचाभर तोंडात घातला की चमचाभर काहीच नसतं. कुल्हड संपला तरी मी खायला सुरुवात झाली का याची वाट बघत होते.

“मग, कोणतं देऊळ बघायला आलीस?” तिनं विचारलं.

“देऊळ नाही. कबर.”

मालूताईनं हातातलं उलथणं खाली ठेवलं. “सुधे, काशीला येऊन कबर?”

गोल मकबरा

विणकरांची वस्ती शहराच्या उत्तर अंगाला आहे. रिक्षावाल्यानं मला एका चौकात सोडलं आणि तिथून पुढे मी मागांच्या आवाजावर चालत गेले. खटक-खट, खटक-खट. दर घरातून तोच आवाज आणि प्रत्येकाचा ताल वेगळा. मकबऱ्याला सगळे गोल मकबरा म्हणतात. तो चौकोनी आहे. मी हे तिथल्या तिघांना दाखवून दिलं. तिघांनीही मान डोलावली आणि म्हणाले, “जी, गोल मकबरा.”

किल्ली नियामतचाचांकडे होती. तीन पिढ्या त्यांच्याच घरी आहे. चाचा सत्तरीचे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. ते नक्षाबंद आहेत, म्हणजे बनारसी साडीवरची वेलबुट्टी आधी चौकटीच्या कागदावर घर-घर भरून काढतात आणि मग त्यावरून माग चालतो. पदविकेच्या संस्थेचं पत्र मी त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते वाचलं नाही, कागद बोटांत चोळून पाहिला.

“कागज अच्छा है,” म्हणाले. “आइए.”

आत एकच खोली. मध्ये कबर, कोणाची ते कोणालाच ठाऊक नाही. दारापाशी दोन बकऱ्या बांधलेल्या. आणि पश्चिमेच्या भिंतीत ती दगडी फळी, स्वयंपाकघराच्या दाराएवढी. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि मला चक्क रडू आलं. फोटोत अंगठ्याएवढं होतं ते इथे माझ्यापेक्षा उंच होतं. कोणीतरी बसून एकेक टोक छिन्नीनं काढलं होतं. समाराच्या भिंतीवरून निघालेली ही चांदणी कुठून कुठून चालत विणकरांच्या गल्लीत येऊन उभी होती, आणि मी मिरजेहून यायला कंटाळले होते. मला माझी लाज वाटली.

चाचा मागून म्हणाले, “मास्टरनीजी, एक बार गिनती कर लीजिएगा.”

माझे डोळे तिथेच कोरडे झाले. गणिताच्या बाईला मोजायला सांगतात? “पैंतीस,” मी नाक वर करून म्हटलं. “पाच सत्ते पैंतीस.”

“जी,” चाचा म्हणाले आणि बकरीला पाला घालायला गेले.

बादलीचा नियम

संध्याकाळी मी घरी आले. तिसऱ्या मजल्यावर दारात मालूताई उभी, हातात बादली.

“आत पाऊल नको. तू कबरीवरून आलीस. पहिली आंघोळ.”

जिन्याच्या वळणावर एक मोरी आहे. जानेवारी महिना, सहा वाजलेले, गंगेवरून वारा. मी वाद घातला.

“अगं मालूताई, तो माणूस जाऊन सहाशे वर्षं झाली. सुतक फिटलं असेल.”

“फिटलं असेलही. पण पक्कं कोण सांगणार? त्याच्या घरचं कोणी आहे विचारायला?”

“आणि तुझ्या गल्लीच्या तोंडावरून दिवसाला इतक्या तिरड्या जातात, त्याचं काय?”

“त्या मणिकर्णिकेला जातात. तिथे स्वतः महादेव कानात तारकमंत्र सांगतो, तिथली बातच वेगळी. बाकी कुठलाही मेलेला माणूस, हिंदू असो, मुसलमान असो, अंग्रेज असो, नहाना म्हणजे नहाना. चल, जल्दी कर, पाणी थंड होईल.”

पाणी आधीच थंड होतं. मी न्हायले. दात वाजत असताना ती मला गमछा देत म्हणाली, “तुमच्याकडे तर हे सगळं असतंच ना.” आमच्याकडे स्मशानातून आलेला माणूस सरळ सोफ्यावर बसून चहा मागतो. मी दातांच्या मधून म्हटलं, “असतं.”

बुधवारी मी ठसा घेतला. याची कृती अशी. जाड कागद भिजवून दगडावर चिकटवायचा. ब्रशानं ठोकून ठोकून तो खोबणीत बसवायचा. अर्धवट वाळला की काजळीच्या शाईत बुडवलेल्या कापडी बोळ्यानं वरून थोपटायचं. उंच भाग काळा होतो, खोल भाग पांढरा राहतो, आणि दगडाची नक्षी जशीच्या तशी कागदावर येते. पुस्तकात हे सहा ओळींत आहे. प्रत्यक्षात मला सकाळी नऊपासून पाच वाजेपर्यंत लागले. ठोकायचा ब्रश गाडीत राहिला, म्हणून मालूताईचा कपड्यांचा ब्रश नेला होता. पहिला कागद बकरीनं खाल्ला. शेवटी चार कागदांवर सबंध फळी उतरली. चाचा म्हणाले, “अब तो गिन लीजिए.” मी म्हटलं, “घर जाके.” ते संध्याकाळी भाचीच्या लग्नाला गंगेपलीकडे रामनगरला निघाले होते. मकबऱ्याला कुलूप लावून किल्ली त्यांनी कुडत्याच्या खिशात टाकली.

मी कागद गुंडाळून घरी आणले, जिन्यात ठेवले आणि मुकाट्यानं बादलीखाली बसले. अंग इतकं मोडून आलं होतं की जेवून जी झोपले ती सकाळीच उठले.

गच्ची

गुरुवारी सकाळी चहा घेऊन गच्चीत गेले. ऊन छान पडलं होतं. दोरीवर माझी साडी, मालूताईचा टॉवेल, आणि त्यांच्या शेजारी चार मोठे पांढरे कागद चिमट्यांना लटकत होते.

“हे काय आहे?” मी विचारलं. खरं तर मला कळलं होतं.

“तुझे कागद,” मालूताई म्हणाली. “तू न्हायलीस, पण कागद तसेच जिन्यात. कबरीला दिवसभर चिकटलेले! म्हटलं नळाचं पाणी नको, पढाईची चीज आहे. गंगाजलानं धुतले. एकेका कागदाला एकेक तांबा. केवढी काळिख होती गं त्यांना! बघ, किती स्वच्छ निघाले.”

आयुष्यात इतके स्वच्छ कागद मी पाहिले नव्हते. शाई गेली होती, ठोकून बसवलेले उंचवटे पाण्यानं सपाट झाले होते. स्वच्छतेचे दोनांपैकी दोन. मी गच्चीच्या कठड्यावर बसले. समोर गंगा वाहत होती आणि माझी पदविका बहुधा तिच्यातूनच चालली होती.

मला रडता येईना, म्हणून मी तिला सगळं सांगितलं. फोटोवरून काढलेले दोन तक्ते, तिसरी वेळ, कमी होणारं नाव, उद्या दुपारची गाडी, रामनगरला गेलेली किल्ली. मालूताई ऐकत होती. तिचा चेहरा हळूहळू पांढरा झाला, तिच्या कागदांसारखाच.

“म्हणजे तू माझ्यामुळे फेल होणार?”

“हो,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ती आत गेली. दोन मिनिटांनी चांगली साडी नेसून, खांद्याला पिशवी लावून बाहेर आली. “चल.”

“कुठे?”

“रामनगरला. लग्नघर शोधायला किती वेळ लागतो?”

रामनगर

लग्नघर शोधायला अजिबात वेळ लागला नाही, कारण त्या दिवशी रामनगरात मांडवच मांडव होते. पूल ओलांडून उतरल्याबरोबर पहिला मांडव दिसला. चाचांचा फोन बंद. मालूताईनं दारातल्या माणसाला विचारलं, “भइया, बनारसवाले चाचा इहाँ हैं? चश्मावाले?”

“अरे, आइए, आइए!” असं म्हणून त्यानं आम्हाला आत नेऊन पहिल्या रांगेत बसवलं. लग्नात चष्मेवाले चाचा नसतील असं होतच नाही. आमच्यापुढे चार चष्मेवाले चाचा आणून उभे केले. त्यांत आमचे नव्हते. पण एव्हाना आम्हाला चहा आला होता, शेजारी एक आजी मालूताईच्या साडीचा पदर हातात घेऊन माग कोणत्या गल्लीतला ते सांगत होती, आणि नवरदेव येऊन आमच्या पुढे वाकला होता. मालूताई, जी बाहेरचं पाणीसुद्धा पीत नाही, तिनं पिशवीतून तिळगुळाची वडी काढून नवरदेवाच्या हातावर ठेवली आणि मराठीत म्हणाली, “गोड बोल रे बाबा, आता जन्मभर गरज पडेल.” त्याला काही कळलं नाही, पण तो फार गंभीरपणे “जी” म्हणाला. बरोबर आणलेल्या सगळ्या वड्या वाटून संपल्यावर आम्हाला तिथून सुटका मिळाली.

चाचा तिसऱ्या मांडवात सापडले. आचाऱ्यांच्या मागे एकटेच बसून ते कांदा सोलत होते. मी त्यांना सगळी हकिगत सांगितली. कागद गंगाजलानं धुतले म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि मालूताईकडे पाहिलं.

“बहनजी, चारों?”

“चारों,” मालूताई खाली बघत म्हणाली.

चाचांचे खांदे हलायला लागले. कांद्यामुळे आधीच डोळ्यांत पाणी होतं, ते आता गालांवरून ओघळलं. हसणं थांबल्यावर त्यांनी सुरी खाली ठेवली. “चलिए. शाम तक लौट आऊँगा. प्याज से जान तो छूटी.”

पुन्हा गोल मकबरा

वाटेत घरून कागद, शाई आणि तो कपड्यांचा ब्रश घेतला. मालूताई बाहेरच थांबणार होती. “मी आत येणार नाही. इथून कागद देते हातात.” ठीक आहे. मी आत कागद भिजवला, चढवला, ठोकायला लागले. ती दारातून बघत होती, दोन्ही बाजूंना एकेक बकरी.

“तिरका लावलास.”

“नाही लावला.”

“लावलास. डावीकडे बोटभर खाली आहे.”

होता. मी सारखा केला.

“आता सुरकुती पडली. अगं, मधून बाहेर घे ना हात! पोळी लाटतात तसं. सुधे, बाजूला हो!”

आणि चपला काढून, पदर खोचून मालूताई आत आली. एकीनं कागद चुकीचा लावावा आणि दुसरीनं ते नुसतं उभं राहून बघावं, हे आपल्या बायकांना जमत नाही, मग ती कबर का असेना. तिनं तळव्यानं कागद असा सारखा केला की मी तोंड मिटून ब्रश तिच्या हातात दिला. दोन तासांत तीन कागद झाले. चौथ्यावर ती शाई थोपटत होती. थोपटता थोपटता थांबली.

“सुधे, हे फूल चुकलंय.”

“फूल नाही, चांदणी. आणि चुकायचा प्रश्नच नाही. दोन चौरस, एक तिरका...”

“तुझे चौरस राहू देत. हे सगळं अष्टदल आहे ना? मी रोज दारात काढते, माझ्या हाताला कळतं. वरून पाचवी ओळ, मधलं फूल. मोज.”

मी मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. पुन्हा मोजलं. दगडाजवळ जाऊन बोट लावून मोजलं. सात. चौतीस चांदण्यांना आठ टोकं होती आणि एकीला सात. आठवं टोक निघायच्या जागी कारागिरानं शेजारची दोन टोकं थोडी पसरवून जागा भरून काढली होती, इतक्या सफाईनं की सहज बघणाऱ्याला कळू नये. अंगठ्याएवढ्या फोटोत तर नाहीच. म्हणून सर म्हणाले होते, तुम्ही तिथे गेला नाही आहात. पैंतीस, पाच सत्ते पैंतीस, असं त्याच दगडासमोर नाक वर करून सांगणारी मी मला आठवले. कागद धुतले गेले नसते तर मी तेच मिरजेला नेऊन, पुन्हा एक चांदणी मोजून चौतीस छापल्या असत्या. तिसऱ्यांदा.

मी चाचांकडे वळले. “आपको मालूम था?”

“हमारे दादा ने दिखाया था. नक्षाबंद के लड़के को पहले यही गिनवाते हैं.”

“तो बताया क्यों नहीं?”

“दो बार बताया, मास्टरनीजी,” चाचा अदबीनं म्हणाले. “आपने पाँच का पहाड़ा सुना दिया.”

मग ते तसं का असेल यावर तिथेच वाद झाला. माझं मत, मापात चूक झाली आणि कारागिरानं सांभाळून घेतलं. चाचांचं मत, मालकानं त्या दिवशी त्याला वेळेवर जेवण दिलं नसेल. मालूताई दोघांकडे कीव आल्यासारखी बघत होती.

“काहीतरीच तुमचं. इतकं सुंदर काम झालं, नजर लागणार नाही का? ही तीट आहे. मुलाच्या गालाला लावतो ती.”

चाचांनी विचारलं, काय म्हणतात? मी हिंदीत सांगितलं. ते थोडा वेळ दगडाकडे बघत राहिले. “काला टीका. हमारी अम्मा भी लगाती थीं,” म्हणाले. खरं कारण कुठल्याच पुस्तकात नाही, आणि मला त्या क्षणी ते नकोही होतं.

पंचगंगेच्या पायऱ्या

चार वाजता घरी आलो. जिना चढलो. दारापाशी दोघी थांबलो. आणि मालूताईच्या लक्षात आलं की बादली आत आहे.

“मी आत जाऊन आणते,” मी म्हटलं.

“तू कशी जाशील? तू कबरीवरून आलीस.”

“मग तू जा.”

“मी पण तिथूनच आले ना!”

एरवी एक बाटलेली आणि एक शुद्ध असा कारभार होता. आता दोघी बाटलेल्या, आणि शुद्ध पाणी कुलपाच्या पलीकडे. शेजारणीला हाक मारावी तर कबरीत गेल्याचं सगळ्या मंगलागौरीला कळणार. मालूताईनं थोडा विचार केला आणि पायऱ्या उतरायला लागली. पंचगंगेला पायऱ्या किती आहेत ते मी मोजलं नाही, मोजण्याचा माझा अभिमान दुपारीच उतरला होता. साठी ओलांडलेल्या दोन बायका, जानेवारीत, संध्याकाळी, साडीसकट गंगेत उतरल्या. पहिल्या बुडीला माझा श्वास थांबला. दुसऱ्या बुडीला मालूताई हसायला लागली, आणि तिसऱ्या बुडीला दोघींना हसू आवरेना. काठावरच्या नावाड्यानं विचारलं, “माताजी, सब ठीक है न?”

“सब ठीक है, भइया,” मालूताई ओरडली. “ये महाराष्ट्र से आई है, वहाँ यही नियम है.”

कागदांची गुंडाळी मी वरच्या पायरीवर ठेवली होती. बाहेर आल्यावर मालूताईची नजर तिच्याकडे गेली. मी गुंडाळीवर अक्षरशः आडवी पडले.

“घाबरू नकोस,” ती म्हणाली. “दे इकडे.” तिनं गुंडाळी दोन्ही हातांत धरली, एक पायरी खाली उतरली, पाण्यापासून चांगली चार हात लांब, आणि गुंडाळीचं तोंड नदीकडे केलं. “कागदाला नुसती गंगा दाखवायची. चालतं.”

“हा नियम कुठला?”

“आत्ताचा,” मालूताई म्हणाली.

मिरज

घरी येऊन मी पस्तीसच्या पस्तीस चांदण्या मोजून काढल्या, एकेक, ठसा शेजारी ठेवून. आणि मग कळलं की कुठल्याच दोन सारख्या नाहीत, एखादी केसभर रुंद, एखादी जरा झुकलेली. सातवालीला मला तीन दिवस लागले. तक्ता पुरा झाल्यावर मालूताईला व्हिडिओ फोनवर दाखवला. ती कितीतरी वेळ बघत राहिली.

“फार सुंदर झालंय गं. आधी दोनदा परत आलं होतं ना? एक काम कर. खाली कोपऱ्यात काजळाचं बोट लाव.”

“मालूताई, हा परीक्षेचा तक्ता आहे!”

“मग? परीक्षेलाच नजर लागते.”

मी फोन ठेवला. तक्त्याकडे पाहिलं. सबंध कागदावर कुठे डाग नव्हता. आत जाऊन काजळाची डबी शोधली.

महिन्याभरानं निकालाचं पाकीट आलं, ते मी पोस्टात जाऊन घेतलं. मी ते पेढ्यांच्या दुकानासमोरच उभी राहून फोडलं, कारण घरापर्यंत धीर नव्हता. सरांनी पाचव्या ओळीतल्या मधल्या चांदणीभोवती लाल पेनानं गोल काढला होता आणि शेजारी लिहिलं होतं, ‘आता गेलात.’ खाली उत्तीर्ण. त्याच्याही खाली, उजव्या कोपऱ्यातल्या काळ्या ठिपक्याला बाण करून, बारीक अक्षरात: ‘हा मूळ दगडावर नाही. स्वच्छतेचे दोन गुण कमी.’

दुकानातल्या माझ्या विद्यार्थ्यानं गल्ल्यावरून मान वर करून विचारलं, “काय झालं बाई?”

“दोन गुण कापले रे,” मी म्हटलं, आणि त्याच्याकडून पाव किलो पेढे घेतले.